सरकतीचा धंदा व त्याचे कायदेशीर प्रकार

व्यापार एकट्याच्या बळावर क्वचितच वाढतो. एकाजवळ भांडवल असते, दुसऱ्याजवळ अनुभव असतो, तिसऱ्याजवळ कष्टाची तयारी असते. या तिघांचा मेळ म्हणजेच सरकत अथवा भागीदारी होय. आपल्या बीड जिल्ह्यातील मोंढ्यांत आडतीची व भुसाराची कित्येक दुकाने अशा मेळावरच उभी राहिली. परंतु हा मेळ कायद्याने कोणत्या प्रकारचा, याचा विचार बहुधा तंटा उद्भवल्यावरच होतो. म्हणून या विषयाचा थोडा इतिहास समाजबंधूंपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

ही कल्पना परकी नव्हे. धर्मशास्त्रातील अठरा व्यवहारपदांत 'संभूय समुत्थान' हे एक स्वतंत्र पद आहे. नफातोटा भांडवलाप्रमाणे किंवा ठरावाप्रमाणे वाटावा, हयगयीने नुकसान करील त्याने ते भरून द्यावे आणि संकटातून माल वाचवील त्यास दशांश मिळावा, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. या स्मृतीवरील 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वराने सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या काळी, मराठवाड्यास लागून असलेल्या कल्याणी येथे लिहिली.

अर्वाचीन काळी ब्रिटिश हिंदुस्थानात भागीदारीचे नियम प्रथम १८७२ च्या करार कायद्यात होते. १९३२ साली त्यांचा स्वतंत्र कायदा झाला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे तो येथे लागू नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी सत्तेचा शेवट झाला व १९५१ मध्ये इतर मध्यवर्ती कायद्यांबरोबर हाही कायदा हैदराबाद राज्यास लागू झाला.

या कायद्याप्रमाणे एक प्रकार मर्जीच्या भागीदारीचा. तीत मुदत ठरलेली नसते. कोणीही भागीदार इतरांस लेखी नोटीस देऊन ती मोडू शकतो. दुसरा प्रकार विशिष्ट कामापुरत्या भागीदारीचा. एका हंगामाची कापूस-खरेदी किंवा एखादे कंत्राट पुरे झाले की तीही सामान्यतः संपते. एकत्र हिंदू कुटुंबाचा वडिलोपार्जित धंदा मात्र भागीदारी नव्हे. कारण कुटुंबातील हक्क जन्माने येतो, भागीदारी केवळ कराराने होते.

या दोन्ही भागीदाऱ्यांत पेढीच्या कर्जास प्रत्येक भागीदार संपूर्णपणे जबाबदार असतो. मला ठाऊक असलेल्या एका गृहस्थाने मित्राच्या भिडेस्तव भागीदारीपत्रावर सही केली. त्याने भांडवल घातले नाही, दुकानाची पायरीही तो कधी चढला नाही. तथापि मित्राने पेढीच्या नावे काढलेल्या कर्जापायी त्याच्या राहत्या घरावर जप्ती आली. भागीदारीतून निवृत्त होणाऱ्यानेही तशी जाहीर नोटीस द्यावी. एरवी पुढील देण्यांची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते.

नोंदणी सक्तीची नाही. परंतु नोंदणी नसलेल्या पेढीस कराराचे येणे वसूल करण्यासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, तिच्यावर मात्र दावा होऊ शकतो. उधारीच्या व्यापारात ही उणीव फार महाग पडते. अशा पेढीच्या भागीदारांस विसर्जनाचा व हिशेबाचा दावाही लावता येऊ नये, अशी दुरुस्ती महाराष्ट्राने १९८४ मध्ये केली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरविली.

तिसरा प्रकार मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा. २००८ चा तत्संबंधी कायदा ३१ मार्च २००९ पासून अमलात आला. हीत संस्थेस स्वतःचे कायदेशीर व्यक्तित्व असते व भागीदाराची जबाबदारी सामान्यतः कबूल केलेल्या भांडवलापुरतीच राहते. फसवणूक करणाऱ्यास मात्र ही सवलत नाही. दरवर्षी हिशेब सादर करण्याचे बंधनही तिजवर आहे.

दोनच भागीदार असतील तर एकाच्या मृत्यूने भागीदारी संपते आणि हिशेबाचा प्रश्न विधवा व मुलांपुढे येऊन पडतो. मयताचे भांडवल किती, येणे-देणे किती, हे कागदावर नसेल तर दोन्ही घरांचा जुना स्नेहही त्यात बुडतो. म्हणून भाऊभाऊ असोत वा जिवलग मित्र असोत, स्नेह असतानाच भागीदारीपत्र लिहावे, हिशेबाच्या वह्या घरच्या मंडळींस दाखवाव्या आणि न वाचता सही करू नये, हीच समाजबंधूंस व भगिनींस नम्र विनंती.