खिडकीत न मावणारी लेन्स

रेंजफाइंडर कॅमेरा वापरणाऱ्यांमध्ये ५० आणि ३५ मिलिमीटरचा वाद जुना आहे. पण तो चवीचा वाद आहे आणि लवकर मिटतो. खरा घोळ त्याच्या पुढे सुरू होतो. ‘आणखी रुंद’ हवं असेल तर २८ घ्यावी, २१ घ्यावी, की थेट १५? कोष्टकं सांगतात की फिल्मच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ३५ ची लेन्स सुमारे ६३ अंश पाहते, २८ ची ७५, २१ ची ९२ आणि १५ ची ११०. कागदावर ही सरळ चढण दिसते. प्रत्यक्षात २८ आणि २१ च्या मध्ये कुठेतरी उंबरठा लागतो. अलीकडची लेन्स ‘वाइड’, पलीकडची ‘अल्ट्रा-वाइड’. हा उंबरठा घातला कॅमेऱ्याच्या खिडकीनं, आणि १९३० पासून तो सारखा सरकत आला आहे.

रेंजफाइंडरमध्ये छायाचित्रकार लेन्समधून बघतच नाही. तो बघतो वरच्या एका स्वतंत्र खिडकीतून. तिच्यापासून काही सेंटिमीटरवर दुसरं छोटं भोक असतं. दोन्हींतून येणाऱ्या प्रतिमा मधल्या फिकट चौकोनात एकमेकींवर बसल्या की अंतर जुळलं. लेन्स काय बघते आणि डोळा काय बघतो यांचा मेळ फक्त खिडकीत आखलेल्या रेषांनी घातलेला. त्यामुळे लेन्स कितीही रुंद बनवता येते. तिच्याबरोबर खिडकी मात्र रुंद होत नाही.

रुंद लेन्स या कॅमेऱ्यांहून पुष्कळ जुन्या. १९०० साली जर्मनीत गर्झ कंपनीच्या एमिल फोन ह्योग यांनी ‘हायपरगॉन’ बनवली. दोन पातळ, जवळजवळ अर्धगोल काचा समोरासमोर ठेवलेल्या. बस, एवढीच लेन्स. कोन १३५ अंशांच्या आसपास. इमारती आणि अंतर्भाग टिपण्यासाठी ती मोठ्या काचपट्ट्यांच्या कॅमेऱ्यांवर चढवत. तिची अडचण पुढच्या सगळ्या रुंद लेन्सना वारशानं मिळाली: चित्राचा मध्य उजळ आणि कडा काळवंडलेल्या. प्रकाश तिरका येतो तसा तो झपाट्यानं कमी पडतो, कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घातानं. ९० अंशांच्या लेन्सच्या कोपऱ्यात मध्याच्या तुलनेत चौथा हिस्सा प्रकाश पोहोचतो, ११० अंशांच्या लेन्सच्या कोपऱ्यात नववा हिस्सा. हायपरगॉनवर उपाय म्हणून लेन्सपुढे चांदणीच्या आकाराचा एक छोटा पंखा बसवलेला होता. रबरी फुग्यानं हवा मारली की तो गरगर फिरे आणि मध्यावरचा प्रकाश अडवे. मग त्याला बाजूला सारून उरलेला वेळ चित्र पुरं करायचं.

१९२५ साली लायका बाजारात आली ती ५० मिलिमीटरची लेन्स पक्की जडवूनच. १९३० साली लेन्स बदलता येऊ लागली आणि माक्स बेरेक यांच्या हातून ३५ मिलिमीटरची ‘एल्मार’ आली. आज ३५ म्हणजे घरातली रोजची लेन्स. त्या वेळी मात्र कॅमेऱ्याची खिडकी ५० पुरती होती. एल्मार लावणाऱ्याला कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत वेगळा फाइंडर अडकवावा लागे. म्हणजे उंबरठा तेव्हा ३५ च्याही अलीकडे होता. १९३२ मध्ये झाइस इकॉननं ‘कॉन्टॅक्स’ काढून लायकाशी स्पर्धा मांडली आणि दोघांची रुंदीची शर्यत लागली. १९३३ च्या सुमारास कॉन्टॅक्ससाठी २८ मिलिमीटरची ‘टेसार’ आली. तिचं मोठ्यात मोठं छिद्र एफ ८. १९३५ मध्ये लायकानं २८ ची ‘हेक्टर’ दिली, एफ ६.३. दोन्ही मंद, दोन्ही उन्हातल्या. त्यानंतर लुडविग बेर्टेले यांनी कॉन्टॅक्ससाठी ३५ मिलिमीटरची ‘बायोगॉन’ आखली, एफ २.८ इतकी उजळ. तिची मागची काच एवढी मोठी आणि कॅमेऱ्यात एवढी खोल शिरणारी होती की युद्धानंतरच्या नव्या कॉन्टॅक्समध्ये ती बसेना. नव्यानं आखणी करावी लागली.

मागची काच फिल्मच्या जवळ नेता येणं हे या घराण्याचं खरं भांडवल. साधी २१ मिलिमीटरची लेन्स फिल्मपासून जवळपास तेवढ्याच अंतरावर बसायला हवी. रेंजफाइंडरमध्ये लेन्स आणि शटर यांच्या मध्ये काहीच नसतं, त्यामुळे ती आत शिरू शकते. एसएलआर कॅमेऱ्यात त्याच जागेत आरसा उघडझाप करतो. लायका एम मध्ये लेन्स बसते ती कडी फिल्मपासून २७.८ मिलिमीटरवर, निकॉन एफ मध्ये ४६.५. आरशाला जागा देण्यासाठी रुंद लेन्सच्या पुढे मोठी अंतर्वक्र काच लावून प्रतिमा मागे ढकलावी लागते. पॅरिसच्या पिएर आंजेन्यू यांनी १९५० मध्ये ३५ मिलिमीटरची अशी लेन्स ‘रेट्रोफोकस’ नावानं विकायला काढली आणि ते व्यापारी नाव पुढे साऱ्या जातीचं झालं. या लेन्स जाड, जड आणि सरळ रेषांना बाक आणणाऱ्या. निदान पहिल्या पिढीत तरी. रेंजफाइंडरला त्या कसरतीची गरज नव्हती. १९५९ मध्ये निकॉननं २१ मिलिमीटरची लेन्स आपल्या नव्या एसएलआरसाठी दिली, तेव्हा आरसा वर अडकवून, वेगळा फाइंडर लावूनच ती वापरावी लागे. थोडक्यात, एसएलआरला घटकाभर रेंजफाइंडर व्हावं लागलं.

कडांच्या अंधारावर उतारा सापडला तो आकाशात. विमानातून नकाशे काढणाऱ्यांना रुंद, सरळ रेषा सरळ ठेवणारी आणि कोपऱ्यापर्यंत उजळ लेन्स हवी होती. झाइसचे रॉबर्ट रिश्टर यांची ‘टोपोगॉन’ १९३३ ची. तिची २५ मिलिमीटरची छोटी आवृत्ती १९५० च्या सुमारास कॉन्टॅक्सवर आली. सोव्हिएत संघात मिखाईल रुसिनोव यांनी १९४६ च्या सुमारास वेगळी वाट काढली. त्यांनी लेन्सच्या दोन्ही टोकांना मोठ्या, बाहेर फुगलेल्या काचा लावल्या. अशा लेन्सकडे तिरकं पाहिलं तर आतलं छिद्र चपटं होण्याऐवजी मोठं दिसतं, म्हणून तिरक्या प्रकाशाची तूट कमी होते. बेर्टेले यांनी याच तऱ्हेची रचना पुढे नेली आणि १९५४ मध्ये कॉन्टॅक्ससाठी २१ मिलिमीटरची, एफ ४.५ ‘बायोगॉन’ आली. त्याच वर्षी तिची ३८ मिलिमीटरची बहीण हासेलब्लाडच्या ‘सुपर वाइड’वर चढली, त्या कॅमेऱ्यातून तर आरसा काढूनच टाकलेला होता. लायकाकडे २१ ची लेन्स १९५८ मध्ये आली, क्रॉयत्सनाखच्या श्नायडरनं बनवलेली ‘सुपर-अँगुलॉन’. १९६३ मध्ये तिची एफ ३.४ ची उजळ आवृत्ती निघाली.

आता खिडकीकडे वळू. १९५४ च्या लायका एम३ नं मोठी, स्वच्छ खिडकी दिली, पण तिच्यातली सगळ्यात रुंद चौकट ५० चीच. ३५ वापरणाऱ्यांसाठी लेन्सलाच चष्मा जोडून विकत. तो खिडकीपुढे येऊन तिला रुंद करी. नंतर आलेल्या, तुलनेनं स्वस्त एम२ मध्ये ३५ ची चौकट आत आली. २८ ला १९८० च्या एम४-पी पर्यंत थांबावं लागलं. अर्ध्या शतकात उंबरठा ५० वरून ३५ वर आणि ३५ वरून २८ वर सरकला.

तो आणखी का सरकवला नाही? कारण खिडकीत अधिक मावायचं तर तिच्यातली प्रतिमा लहान करावी लागते, आणि तीच प्रतिमा अंतर मोजायलाही लागते. एम३ च्या दोन भोकांमधलं अंतर ६८.५ मिलिमीटर आणि खिडकीतली प्रतिमा ०.९१ पट, गुणाकार ६२. एम२ मध्ये प्रतिमा ०.७२ पट झाली आणि तोच गुणाकार ४९ वर आला. हा आकडा घसरला की लांब पल्ल्याच्या किंवा उघड्या छिद्राच्या लेन्सचा फोकस चुकू लागतो. एका खिडकीतून ९० आणि २१ दोन्ही सांभाळणं म्हणजे एकाच चष्म्यातून पोथी वाचणं आणि डोंगर पाहणं. लायकानं २८ ला तह केला.

दोन छायाचित्रकारांनी या तहाच्या दोन बाजू दाखवल्या. न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर गॅरी विनोग्रँड २८ मिलिमीटर घेऊन गर्दीत शिरत. माणसं जवळ, चौकट गच्च भरलेली, पण चेहरे चेहऱ्यांसारखे. फ्रान्सचे जाँलू सिएफ २१ च्या सुपर-अँगुलॉनवर रमले. त्यांच्या चित्रांत पुढची वस्तू मोठी होऊन अंगावर येते, मागचं सारं झरझर आटतं आणि आभाळ काळं होऊन कडांकडे गडद होत जातं. तोच कडांचा अंधार इतरांनी दोष मानला. सिएफ यांनी तो छपाईत आणखी खोल केला.

फिल्मजवळ शिरणाऱ्या लेन्सला दुसरा वैरी मिळाला तो कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाच्या रूपानं. १९७१ च्या लायका एम५ मध्ये शटरपुढे एका दांडीवर बसवलेला मापक आला. सुपर-अँगुलॉनची मागची काच नेमकी त्याच जागेत. १९८० मध्ये लायकानं तिच्या जागी २१ ची ‘एल्मारिट’ आणली. ती मागून आखूड, म्हणजे एसएलआरच्या रेट्रोफोकस वळणाची. मोकळ्या जागेचं पिढीजात भांडवल कॅमेऱ्यानं स्वतःच थोडं खर्चून टाकलं.

त्याआधी, १९६९ मध्ये, झाइसच्या एर्हार्ड ग्लात्सेल यांची १५ मिलिमीटरची ‘होलोगॉन’ आली होती. फक्त तीन जाड काचा, ११० अंश, रेषा काटेकोर सरळ. छिद्र मात्र पक्कं एफ ८. ते लहानमोठं करता येत नाही. मध्यावर राखाडी असलेला फिल्टर लावला की कोपरे सावरतात, पण दोन स्टॉप प्रकाश जातो आणि एफ ८ चं एफ १६ होतं. हायपरगॉनचा पंखा काच होऊन परतला म्हणायचा. ही लेन्स आधी स्वतःच्याच कॅमेऱ्यात जडवून आली, १९७२ मध्ये लायकासाठीही. तिच्या स्वतःच्या कॅमेऱ्याबरोबर पिस्तुलासारखी मूठ मिळे, कारण नेहमीसारखा धरला तर बोटं चित्रात येत. अंतर जुळवायची दुर्बीण त्यात नव्हतीच.

तिची गरज का नव्हती, हे साधं गणित सांगतं. एफ ८ वर ३५ ची लेन्स ५ मीटरवर लावली तर अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. २८ ला ३.३ मीटरवर लावलं की १.६ पासून. २१ ला १.८५ मीटरवर लावलं तर जेमतेम मीटरभर अंतरापासून पुढे नेमायला काही उरतच नाही. १५ ला अर्धा मीटर पुरतो. उंबरठा ओलांडला की खिडकी निरुपयोगी होते आणि तिच्यातला फोकसचा चौकोनही.

जपानच्या नागानो प्रांतातल्या कोसिनानं हे गणित शेवटास नेलं. जुनं फोक्टलेंडर हे नाव घेऊन तिचे अध्यक्ष हिरोफुमी कोबायाशी यांनी १९९९ मध्ये ‘बेसा-एल’ नावाचा कॅमेरा काढला. त्यात शटर होतं, प्रकाशमापक होता. खिडकी नव्हती आणि रेंजफाइंडरही नव्हता. त्यावर १५ मिलिमीटरची ‘हेलिआर’, एफ ४.५, फाइंडरसकट. होलोगॉन हा संग्राहकांचा दागिना झाला होता. हेलिआरनं तोच कोन पगारदार माणसाच्या आवाक्यात आणला. पुढच्या वर्षी १२ मिलिमीटरचीही आली, १२१ अंशांची. त्याच कोसिनानं २००६ मध्ये उलट टोकही गाठलं: ‘बेसा-आर४’ च्या खिडकीत २१ ची चौकट बसवली. त्यासाठी प्रतिमा ०.५२ पट झाली आणि एम२ च्या ४९ समोर तिचा गुणाकार १९ उरला. उंबरठा सरकला, पण त्याची किंमत तिथं रोख दिसते.

निवड करणाऱ्यानं म्हणून आधी हिशेब मांडावा तो ताणाचा. रेषा सरळ ठेवणारी लेन्स कोपऱ्यातल्या गोल वस्तूला बाहेरच्या बाजूला ओढते. कोपऱ्यातलं डोकं ३५ मध्ये रुंदीच्या १.२ पट लांब होतं, २८ मध्ये सव्वा पट, २१ मध्ये १.४, १५ मध्ये पावणेदोन पट. सव्वा पटीपर्यंत डोळा माफ करतो. त्यापुढे माणसं मध्याकडे आणि भिंती, जिने, आभाळ कडांना, अशी व्यवस्था लावावी लागते; कॅमेरा पातळीत धरावा लागतो, नाहीतर खांब कोसळतात. फिल्म वापरणाऱ्याला एक सोय जास्त आहे. फिल्मला तिरक्या प्रकाशाचं वावडं नाही. पुष्कळ डिजिटल कॅमेऱ्यांवर ज्या जुन्या सुपर-अँगुलॉनच्या कडा रंगीत होतात, ती फिल्मवर शांतपणे काम करते.

दुसरा हिशेब अंतराचा. ३५ असलेल्यानं २८ घेतली तर पदरी १२ अंश पडतात, दोन पावलं मागे सरून मिळतात तेवढे. २१ घेतली तर २९ अंश, आणि चित्राची जातच बदलते. ज्याची नेहमीची लेन्स ५० आहे त्याला २८ शोभते, ३५ वाल्याला २१. १५ ही तिसरी लेन्स असावी, दुसरी कधीच नाही. आणि आपण चौकट ठरवतो कशी, हेही स्वतःला विचारावं. खिडकीत बघून, कडा तपासत चित्र जुळवणाऱ्याला २८ च्या पुढे सुख नाही. जागा आधीच हेरून, अंतर मनात मोजून उभा राहणाऱ्यानं २१ घ्यावी; डोक्यावरचा फाइंडर घरी राहिला तरी त्याचं फारसं अडणार नाही.