यलोनाइफ

कॅनडातील नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाची राजधानी व ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या (पहा : ग्रेट स्लेव्ह सरोवर) उत्तर काठावरील पर्यटनस्थळ. लोकसंख्या २०,३४० (२०२१). आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेस सु. ४०० किमी.वर, कॅनेडियन ढालप्रदेशाच्या उघड्या खडकावर ते वसले आहे.

तांब्याची हत्यारे वापरणाऱ्या स्थानिक डेने जमातीवरून (पहा : डेने) हे नाव पडले. १९३० च्या दशकात सोने सापडल्यावर येथे वस्ती झाली. १९६७ मध्ये ते राजधानी बनले. सोन्याच्या मोठ्या खाणी २००४ पर्यंत बंद पडल्या.

हिवाळ्यात सरोवर गोठते. डेट्टा गावाला जाणारा बर्फावरचा रस्ता त्या काळात मोटारींना खुला होतो. कुत्र्यांच्या घसरगाड्या, स्कीइंग आणि बर्फाला भोक पाडून मासेमारी हे या ऋतूतील छंद. मार्चमध्ये सरोवराच्या गोठलेल्या उपसागरावर हिमाचा किल्ला उभारून महोत्सव भरतो. ध्रुवीय प्रकाश (पहा : ध्रुवीय प्रकाश) ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत दिसतो. उन्हाळ्यात लांबलेल्या दिवसांत नौकाविहार, ट्राउट व पाइक माशांची शिकार आणि इंग्रॅहम ट्रेल रस्त्यालगतच्या कॅमेरन धबधब्यापर्यंतची पदभ्रमंती चालते. प्रिन्स ऑफ वेल्स नॉर्दर्न हेरिटेज सेंटर हे संग्रहालय, वैमानिकांचे स्मारक व उपसागरातील रंगीत घरनौका ही अन्य आकर्षणे होत.

प्रशासन, ईशान्येकडील हिरेखाणींची (पहा : हिरा) दळणवळण-व्यवस्था व पर्यटन हे शहराचे प्रमुख आर्थिक आधार आहेत. मॅकेंझी नदीवरील देह चो पुलामुळे (२०१२) ते वर्षभर रस्त्याने दक्षिणेशी जोडले गेले.