लांबीच्या आधी शिसं होतं

गंजलेल्या पत्र्यावर लांबी थापायची, घासायची आणि रंग मारून मोकळं व्हायचं, ही पद्धत आपल्या गॅरेजांत इतकी मुरली आहे की ती गाडीइतकीच जुनी वाटते. प्रत्यक्षात ही लांबी १९५५ची.

त्याआधी अमेरिकेत आणि युरोपात बॉडीचे सांधे आणि पोचे शिशाने भरत. साधारण सत्तर भाग शिसं, तीस भाग कथील. हे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला मऊ व्हायला लागतं, पण पुरतं वितळायला आणखी सत्तरेक अंश लागतात. कारागिराची सगळी करामत या मधल्या टप्प्यातली. एका हातात ज्योत, दुसऱ्या हातात चरबी लावलेला लाकडी थापा. ज्योत जरा जास्त रेंगाळली की शिसं ओघळून पायाशी. शिवाय आधी पत्र्याला भांड्यासारखी कल्हई करावी लागे, आणि गंजावर कल्हई धरत नाही. म्हणजे पत्रा लख्ख केल्याशिवाय शिसं बसणारच नाही. कामचुकारपणाला वावच नव्हता.

पण शिशाचा धूर आणि कानशीचा भुगा अंगात भिनायचा. दुसऱ्या महायुद्धात लढून आलेल्या आणि मायामीत बॉडी दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या रॉबर्ट मर्टन स्पिंक यांना हा व्याप नकोसा झाला. त्यांनी प्लॅस्टिकमध्ये शंखजिऱ्याची पूड कालवून लगदा केला. तोच ‘बॉन्डो’. पॉलिस्टर रेझिनच्या अशा लगद्यात चिमूटभर हार्डनर कालवला की काही मिनिटांत तो घट्ट होतो. ना ज्योत, ना कल्हई.

सोय झाली आणि शिस्त गेली. लांबी गंजावरही चिकटते, निदान गाडी विकली जाईपर्यंत! मागचा पत्रा उघडा असेल तर शंखजिरं ओल धरतं आणि गंज आतून पसरत राहतो. वेगळी चासी नसलेल्या गाडीत तर पत्रा हाच सांगाडा. ब्रिटनच्या वाहन तपासणीत सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट जिथे बसतो त्याच्या तीस सेंटिमीटरच्या आत पत्रा सडून कमजोर झाला असेल, तर गाडी नापास होते आणि तिथे लांबी चालत नाही. नवा पत्राच वेल्ड करावा लागतो.

आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनी आज हौसेने जपणाऱ्यांना सडलेल्या पत्र्याची ओळख करून द्यायला नको. दोष लांबीचा नाही. सडका भाग कापला, नवा पत्रा जोडला, मागून प्रायमर मारला आणि वरून पातळ हात दिला, तर ती वर्षानुवर्षं टिकते.

जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा खिशात लोहचुंबक ठेवा आणि दाराखाली, चाकांच्या कमानींवर फिरवा. जाड लांबीवर ते धरत नाही. तिथे भाव पाडा, नाहीतर गाडी सोडा.