डूडीव्हिलचे विस्मृत नागरिक

कळसूत्री बाहुलें हा शब्द मराठींत बहुधा निंदेसाठींच योजिला जातो. ज्याला स्वतःचें मत नाहीं, दुसऱ्यानें दोरी ओढली कीं जो हात वर करितो, असा मनुष्य म्हणजे कळसूत्री बाहुलें. वर्णन यथार्थ आहे. परंतु दोरी ओढणारे हात बदलले, आवाज देणारा कंठ बदलला, एवढेंच काय पण तोंडवळाहि पार बदलला, आणि तरीहि बाहुलें तेंच राहिलें, असें घडलें तर त्या बाहुल्याचें स्वत्व कोठें असतें? अमेरिकेंत १९४७ पासून १९६० पर्यंत टेलिव्हिजनच्या पडद्यावर नांदून गेलेल्या एका लांकडी मुलानें हा प्रश्न प्रत्यक्ष न्यायालयापर्यंत नेला. त्याचें नांव हाउडी डूडी. त्याच्या गांवाचें नांव डूडीव्हिल. त्या गांवांत तो एकटा रहात नव्हता. पण त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना ओळखणारीं माणसें आतां वार्धक्याला पोंचलीं आहेत, आणि त्यांच्या मागून ती ओळख सांगणारें कोणी उरेल असें दिसत नाहीं.

हाउडीचा जन्म चमत्कारिक रीतीनें झाला. इतर बाहुल्यांना आधीं शरीर मिळतें व मागून वाणी. याला आधीं वाणी मिळाली. न्यूयॉर्कच्या नभोवाणी-केंद्रावरून बॉब स्मिथ नांवाचे गृहस्थ मुलांसाठीं ‘ट्रिपल बी रँच’ हा कार्यक्रम करीत असत. त्यांत एल्मर नांवाचा एक भोळसर खेडवळ मुलगा ते आपल्याच आवाजानें उभा करीत. हा एल्मर आला कीं खो खो हसून ‘हाउडी डूडी’ असें म्हणे. आपल्याकडे गांवचा मनुष्य दारांतूनच मोठ्यानें ‘राम राम’ घालतो, त्यांतलाच हा प्रकार. मुलांनीं एल्मर हें नांव बाजूला ठेविलें आणि त्या राम-रामालाच त्याचें नांव करून टाकिलें. पुढें मुलें कार्यक्रम पाहावयास केंद्रावर येऊं लागलीं, आणि तेथें बॉब स्मिथ यांच्याखेरीज कोणीच नाहीं असें पाहून हिरमुसलीं होऊं लागलीं. आवाजाला रूप देण्याची गरज उत्पन्न झाली ती या हिरमुसल्या तोंडांमुळें.

ता. २७ डिसेंबर १९४७, शनिवार. आदल्या दिवशीं न्यूयॉर्कवर सुमारें २६ इंच बर्फ पडला होता आणि सारें शहर घरांत कोंडल्यासारखें झालें होतें. त्या दिवशीं एन. बी. सी. कंपनीच्या टेलिव्हिजनवर ‘पपेट प्लेहाउस’ हा मुलांचा नवा खेळ सुरू झाला. परंतु ज्याच्यासाठीं खेळ मांडिला त्याचा बाहुला अद्यापि तयारच नव्हता. स्मिथ यांनीं युक्ति योजिली. हाउडी फार लाजाळू आहे, तो या मेजाच्या खणांत लपून बसला आहे, असें सांगून ते खणाशीं बोलूं लागले आणि खणांतून उत्तरें येऊं लागलीं. डोळ्यांनीं पाहण्याच्या यंत्रावर हाउडीचा पहिला प्रवेश असा न दिसतांच झाला. नभोवाणीनें बांधून दिलेली शिदोरी त्या दिवशीं कामास आली असें म्हटलें पाहिजे.

त्यानंतर फ्रँक पॅरिस या कारागिराचा बाहुला खणांतून बाहेर आला. तो कांहीं देखणा नव्हता, पण मुलांना तेवढ्यावर त्याचें कांहीं उणें वाटलें नाहीं. १९४८ हें अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचें वर्ष होतें. लेखक एडी कीन व त्यांचे सहकारी यांनीं हाउडीलाहि ‘सर्व मुलांचा अध्यक्ष’ या पदासाठीं उभा केला, आणि ज्याला हवा त्यानें निवडणुकीचा बिल्ला मागवावा असें जाहीर केलें. पत्रांचा असा पाऊस पडला कीं कंपनीचे अधिकारी चकित झाले. पडद्यापलीकडे किती मुलें बसलेलीं आहेत याचा तेव्हां त्यांना पहिल्यानें अंदाज आला; जाहिरातदारांनाहि आला. पुढें टूथपेस्ट, पाव, न्याहारीचे पदार्थ अशा नाना वस्तु हाउडीच्या नांवावर खपल्या. मुलांच्या निर्व्याज प्रेमाचा बाजार मांडण्याची ही रीत या खेळानें शोधून काढिली नसेल, पण तिला राजमार्ग करून दिला, हें नाकारतां येत नाहीं.

पहिलें भांडणहि याच बाजारांतून निघालें. दुकानदारांनीं हाउडीच्या प्रतिकृति विकावयास मागितल्या, तेव्हां त्यांचा पैसा कोणाचा असा प्रश्न आला. बाहुला घडविला म्हणून पॅरिस हक्क सांगूं लागले; पात्र आमचें, बाहुला हें केवळ त्याचें शरीर, अशी दुसऱ्या पक्षाची भूमिका होती. तडजोड झाली नाहीं. पॅरिस यांनीं आपला बाहुला उचलला आणि ते चालते झाले. ऐन निवडणुकींत उमेदवारच नाहींसा झाला!

यावर काढलेली तोड त्या भांडणापेक्षां पुष्कळच शहाणपणाची होती. हाउडी प्रचाराच्या दौऱ्यावर गेला आहे, असें मुलांना प्रथम सांगण्यांत आलें. मग, त्याचा प्रतिस्पर्धी ‘मिस्टर एक्स’ फार रूपवान आहे असें कळल्यावरून त्यानें आपल्या चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घेतली, अशी बातमी आली. तोंडाला पट्ट्या गुंडाळलेला एक बाहुला पडद्यावर बसूं लागला. इकडे व्हेल्मा डॉसन या बाईंनीं नवा हाउडी घडविला: उंची २७ इंच, तांबडे केस, मोठें हसरें तोंड, आणि गालांवर ४८ ठिपके, त्या वेळीं अमेरिकेच्या संघांत राज्यें ४८ होतीं म्हणून. जून १९४८ त पट्ट्या सुटल्या. जुन्या चेहऱ्याशीं या नव्या चेहऱ्याचें कांहींच साम्य नव्हतें. तथापि आवाज तोच होता, आणि मुलांनीं हाच आपला हाउडी म्हणून त्याला निःशंकपणें पदरांत घेतलें. पॅरिस यांच्याबरोबर निघून गेलेला पहिला हाउडी मात्र कोणाच्या स्वप्नांतहि राहिला नाहीं. डूडीव्हिलचा पहिला विस्मृत नागरिक तोच.

आतां त्या गांवांत थोडें हिंडून पाहण्यास हरकत नाहीं. गांवचा नगराध्यक्ष फिनिअस टी. ब्लस्टर. वय सत्तरीचें, स्वभाव चिक्कू, आणि दुसऱ्याचें हसणें याला मुळींच खपत नसे. हा दचकला कीं त्याच्या दाट भिंवया कळ दाबल्यासारख्या ताडकन् कपाळावर उडत. मुलांना त्याचा राग येई, पण त्या भिंवया उडाल्यावांचून त्यांना चैनहि पडत नसे. डिली डॅली हा दुसरा एक साधाभोळा प्राणी. त्याला कान हलवितां येत, आणि बहुधा तेवढेंच नीट येई. इन्स्पेक्टर जॉन जे. फाडूझल हे आपण अमेरिकेंतील पहिल्या प्रतीचे गुप्त पोलीस आहों असें सांगत फिरत. ब्लस्टर यांना दक्षिण अमेरिकेंत डॉन होझे नांवाचा एक भाऊहि होता. शहाणा मनुष्य या गांवांत शोधूनच काढावा लागे, आणि मुलांना तेथें घरच्यासारखें वाटे याचें अर्धें कारण हेंच असावें.

पण सर्वांत अपूर्व होता तो फ्लब-अ-डब. हा एक प्राणी नव्हे, आठ प्राणी. चोंच बदकाची, मिशा मांजराच्या, कान स्पॅनिअल कुत्र्याचे, मान जिराफाची, धड आंखूड पायांच्या डॅक्सहुंड कुत्र्याचें, वल्हीं सीलचीं, शेंपूट डुकराचें आणि स्मरणशक्ति हत्तीची! आपल्या पुराणांतील नरसिंह किंवा शरभ ज्यानें बालपणीं ऐकले असतील त्याला या जोडकामाचें फारसें नवल वाटणार नाहीं. परंतु त्या रूपांच्या मागें भय उभें असतें, तसें याच्यामागें कांहींच नव्हतें. तो केवळ भुकेला असे. प्रथम तो फुलें खात असे. पण त्याचें पाहून घरोघरचीं मुलें फुलदाणींतलीं फुलें तोंडांत घालूं लागलीं व आयांनीं तक्रारी केल्या, म्हणून त्याचें अन्न बदलून त्याला खिम्याचे गोळे व शेवया देण्यांत आल्या, असें सांगतात. हत्तीची स्मरणशक्ति घेऊन आलेला हा प्राणी आज जवळ जवळ कोणाच्याच स्मरणांत नाहीं.

लांकडी रहिवाशांत कांहीं हाडामांसाचींहि माणसें मिसळलेलीं असत. विदूषक क्लॅरबेल हा मुका होता. कमरेच्या पेटीवरील भोंगा वाजवून तो होय किंवा नाहीं एवढें सांगे आणि सोड्याच्या बाटलीनें सर्वांना भिजवून टाकी. हें काम प्रथम बॉब कीशन करीत. पुढें १९५५ पासून तेच ‘कॅप्टन कांगारू’ या नांवानें घरोघर पोंचले. राजकन्या समरफॉल विंटरस्प्रिंग ही आधीं बाहुली होती. मग कथेंतच तिचें रूपांतर होऊन ती जिवंत मुलगी झाली आणि जूडी टायलर ही नटी ती भूमिका करूं लागली. बाहुलीची मुलगी होणें ही सर्व मुलांची आवडती कल्पना. जूडी टायलर मात्र जुलै १९५७ त मोटारीच्या अपघातांत वारली. तिला पंचविसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें.

स्टुडिओंत सुमारें चाळीस मुलें पायऱ्यांवर बसत. त्या जागेला ‘पीनट गॅलरी’ म्हणत. आपल्या नाटकगृहांतील पिटाचा जो मान तोच जुन्या अमेरिकन नाटकगृहांत या सज्जाचा. किती वाजले, असें स्मिथ यांनीं विचारावें आणि हाउडीची वेळ झाली असा एकच गजर व्हावा, हा रोजचा प्रघात. सूत्रें ऱ्होडा मॅन यांच्या हातून १९५२ त कनेक्टिकटमधील रूफस रोझ यांच्याकडे गेलीं. हात बदलले, हें मुलांच्या ध्यानांतहि आलें नाहीं. १९५४ त स्मिथ यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हां ॲलन स्विफ्ट या नटानें हाउडीचा आवाज उसना घेऊन बोलून दाखविला. तेंहि खपून गेलें. चेहरा गेला, हात गेले, आवाज गेला. हाउडी मात्र ठरल्या वेळीं येतच राहिला.

ता. २४ सप्टेंबर १९६० रोजीं हें गांव उठलें. एकंदर २,३४३ खेळ झाले होते. शेवटच्या दिवशीं क्लॅरबेलजवळ कांहीं गुपित आहे अशी सारखी हूल उठत होती. अखेरीस गुपित फुटलें तें असें, कीं मुका क्लॅरबेल बोलूं शकतो. ल्यू अँडरसन हे तेव्हां त्या वेषांत होते. ते कॅमेऱ्यासमोर आले, ओठ थरथरले, आणि त्यांनीं दोन शब्दांत मुलांचा निरोप घेतला. भाषण एवढेंच.

निरोप घेणें सोपें, तो पचविणें कठीण. १९७० मध्यें पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं बॉब स्मिथ यांना खेळासाठीं बोलावून नेलें. पीनट गॅलरींत बसण्याच्या वयाचीं मुलें आतां दाढीमिशांची झालीं होतीं, आणि व्हिएटनामच्या युद्धावर जाण्याची चिठ्ठी केव्हां येईल याची वाट पाहत होतीं. त्यांना डूडीव्हिलची आठवण कां यावी, हें निराळें सांगावयास नको. एका विद्यापीठामागून दुसरें, असे स्मिथ यांचे पुष्कळ दौरे झाले. पण हें गतकालाचें प्रेम मोठें पक्षपाती असतें. दौऱ्यासाठीं स्मिथ यांनीं रोझ यांच्याकडून मागवून घेतला तो हाउडी. गांव उभें राहिलें नाहीं. त्यांतला एक मुलगाच तेवढा गांवोगांव हिंडला.

आणि भांडण झालें तेंहि त्या एकट्यावरूनच. खेळ बंद पडल्यावर बाहुले रोझ यांच्यापाशीं होते. हाउडी पुढें डिट्रॉइटच्या कलासंग्रहालयास द्यावा असें त्यांचें व कंपनीचें १९६७ च्या सुमारास ठरलें होतें, व १९७० त स्मिथ यांच्याकडे तो पाठवितांना रोझ यांनीं त्या गोष्टीचें स्मरणहि दिलें होतें. रोझ १९७५ त वारले. उतारवयांत स्मिथ यांच्या मनांत बाहुला विकण्याचें आलें. त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. ज्याला आपण पन्नास वर्षें बोलविलें तो आपला, असें कोणासहि वाटेल. परंतु संग्रहालयानें आपला हक्क सोडिला नाहीं. स्मिथ जुलै १९९८ त निवर्तले, तरी वाद चालूच राहिला, आणि तोंपर्यंत हाउडी बँकेच्या तिजोरींत पडून होता. ज्याची पहिली बैठक मेजाच्या खणांत, त्याला अखेर पोलादी खण मिळाला! जानेवारी २००१ मध्यें न्यायालयानें संग्रहालयाच्या बाजूनें निकाल दिला. विकत घेणारे कमी नव्हते, हें दुसऱ्या एका विक्रीवरून कळून येतें: केवळ छायाचित्रांसाठीं केलेला हाउडीचा जोडीदार १९९७ त लिलावांत १,१३,००० डॉलरला गेला होता. तिसरा एक, बदली म्हणून वापरला जाणारा, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंत आहे.

डिट्रॉइटमध्यें पॉल मॅक्फार्लिन या अभ्यासकानें जमविलेल्या बाहुल्यांचा मोठा संग्रह पूर्वींपासूनच होता. त्या मंडळींत हाउडी जाऊन बसला. अलास्का व हवाई हीं दोन राज्यें १९५९ त, म्हणजे त्याचा खेळ चालू असतांनाच, संघांत आलीं आणि अमेरिकेच्या ध्वजावरील तारे ५० झाले. हाउडीच्या गालांवरचे ठिपके मात्र ४८ राज्यांचेच आहेत.