वजनाचा हिशेब आणि आयुष्याचा हिशेब

वैद्यकाचा इतिहास लिहिणारे बहुधा शोधकांचीं नांवें व शोधांचीं वर्षें नोंदून थांबतात. अमुक शस्त्रक्रिया प्रथम कोणीं केली हें आपणांस कळतें. पण ज्याच्या देहावर ती झाली तो मनुष्य दहा वर्षांनीं कसा होता, हें क्वचितच कळतें. अतिस्थूलतेवरील शस्त्रक्रियांच्या, म्हणजे ज्यांस आज बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी म्हणतात त्यांच्या इतिहासांत मात्र हा दुसरा प्रश्नच मुख्य आहे असें आम्हांस वाटतें. या शस्त्रक्रियांनीं वजन उतरतें काय, याचें उत्तर पहिल्या वर्षींच मिळतें आणि तें बहुधा होकारार्थी असतें. उतरलेलें वजन किती काळ उतरलेलें राहतें आणि त्यायोगें मनुष्य अधिक जगतो काय, या प्रश्नांचीं उत्तरें मिळण्यास मात्र अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील शस्त्रवैद्य हेन्रिक्सन यांनीं एका स्थूल स्त्रीच्या लहान आंतड्याचा 105 सेंटिमीटर लांबीचा भाग कापून काढला. 1952 सालीं त्यांनीं याविषयीं जो लेख प्रसिद्ध केला, त्याचें शीर्षकच प्रश्नार्थक होतें: स्थूलतेवरील उपाय म्हणून अशा कृत्याचें समर्थन करतां येईल काय? पहिल्याच पावलास पडलेला हा प्रश्न पुढील पिढीनें फारसा मनावर घेतला नाहीं. 1954 मध्यें अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनीं आंतडें न कापतां, त्याचा बराचसा भाग अन्नमार्गांतून वगळण्याची युक्ति प्रसिद्ध केली. लॉस एंजेलिस येथील पेन व डेविंड यांनीं 1969 पर्यंत तिला निश्चित माप दिलें: आरंभींचें 14 इंच व शेवटचें 4 इंच एवढेंच आंतडें अन्नाच्या वाटेंत ठेवावयाचें. वजन झपाट्यानें उतरे. आणि तेवढ्यावर ही शस्त्रक्रिया यशस्वी ठरली.

हिशेबाची दुसरी बाजू सावकाश उघडी पडली. अतिसार थांबेना, मुतखडे होऊं लागले, सांधे सुजूं लागले, कित्येकांचें यकृत निकामी होऊन ते दगावले. पुष्कळांचें आंतडें पुन्हां पूर्ववत् जोडावें लागलें आणि तसें करतांच वजनही परत आलें. तराजूचा कांटा खालीं जात असतांना मनुष्यही खालीं जात असूं शकतो, हा धडा वैद्यकास येथें फार महाग पडला.

याच काळांत आयोवा विद्यापीठांतील एडवर्ड मेसन यांनीं निराळी वाट काढली. व्रणासाठीं ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढावा लागे, त्यांचें वजन पुढें सहसा वाढत नाहीं, असें त्यांच्या पाहण्यांत आलें होतें. इटो यांच्या साहाय्यानें 1966 सालीं त्यांनीं जठराचा वरचा लहानसा भाग निराळा करून तो परभारें आंतड्यास जोडला. पुढें 1980 मध्यें त्यांनीं जठराची एक उभी लहान पिशवी करून तिच्या तोंडास पट्टी बांधण्याची अधिक सोपी रीत काढली. पण मेसन यांची आम्हांस विशेष मातब्बरी वाटते ती या कौशल्यासाठीं नव्हे. आपल्या पंथाचे लोक पहिल्या वर्षाच्या यशावर संतुष्ट राहतात हें ओळखून त्यांनीं 1986 मध्यें या रोग्यांची वर्षानुवर्षें नोंद ठेवणारी वही उघडली, हें त्यांचें खरें मोठेपण होय.

नोंद ठेवावयाची म्हटली म्हणजे मापाचा प्रश्न येतोच. शस्त्रवैद्य बहुतकाळ 'जादा वजनापैकीं शेंकडा किती गेलें' असें मोजीत आले. आणि जादा कोणतें हें ठरविण्यास त्यांनीं आधार घेतला तो मेट्रोपोलिटन लाइफ या अमेरिकन विमा कंपनीच्या कोष्टकांचा. समजा, कोष्टकाप्रमाणें दोघांचेंही वजन 150 पौंड असावयास हवें. एकाचें 300 आहे, दुसऱ्याचें 220. दोघांचेही 75 पौंड उतरले, तर पहिल्याचें जादा वजन निम्मेंच गेलें असें ठरतें, आणि दुसऱ्यानें शंभर टक्क्यांचीही मर्यादा ओलांडली असें दिसतें. ज्यास उपायाची गरज अधिक, त्याचेंच यश कागदावर खुजें! अलीकडे मूळ वजनाच्या शेंकडा किती घट झाली हें सांगण्याची रीत रूढ होत आहे, ती अधिक न्याय्य आहे.

दुसरी अडचण न येणाऱ्या रोग्यांची. ज्याचें वजन पुन्हां वाढलें तो शरमेनें दवाखान्याची पायरी चढत नाहीं. मग हिशेबांत उरतात ते बहुधा हंसतमुख. म्हणूनच नॉर्थ कॅरोलायनांतील पोरीस यांच्या 1995 सालच्या वृत्तान्ताचें महत्त्व आहे. 608 रोग्यांपैकीं बहुतेक सर्वांचा पाठपुरावा त्यांनीं 14 वर्षें केला. सरासरी वजन 304 पौंडांवरून एका वर्षांत 192 वर आलें, पांच वर्षांनीं 205 झालें आणि चौदाव्या वर्षीं तेथेंच राहिलें. त्यांतील मधुमेह झालेल्या 146 जणांपैकीं 121 जणांची रक्तशर्करा औषधावांचून ताळ्यावर आली. आरंभीं थोडें वजन परत येतें व मग तें स्थिरावतें, ही रेषा तेव्हांपासून ओळखीची झाली.

परंतु तुलनेस शस्त्रक्रिया न झालेले लोक नसतील तर आयुष्याचा निवाडा कसा व्हावा? हें काम पुन्हां गोथेनबर्गनेंच अंगावर घेतलें. लार्स स्योस्ट्रोम यांच्या नेतृत्वाखालीं 1987 मध्यें तेथें एक अभ्यास सुरू झाला. शस्त्रक्रिया झालेले 2010 आणि त्यांच्यासारखेच, पण नेहमींच्या उपचारांवर असलेले 2037. दोन वर्षांच्या आंत जठर-वळण केलेल्यांचें वजन शेंकडा 32 उतरलें, उभ्या पिशवीवाल्यांचें 25 व पट्टीवाल्यांचें 20. दहा वर्षांनीं तेच आंकडे 25, 16 व 14 झाले. आणि दुसऱ्या गटाचें काय? त्यांचें सरासरी वजन शेंकडा दोनांच्या आंतबाहेर जेथल्या तेथें राहिलें. 2007 मध्यें मृत्यूंची गणति प्रसिद्ध झाली: पहिल्या गटांत 101, दुसऱ्यांत 129. 2020 सालीं हिशेब आणखी पुढें नेला, तेव्हां शस्त्रक्रिया झालेल्यांचें अपेक्षित आयुष्य तीन वर्षांनीं अधिक भरलें. मात्र सर्वसाधारण लोकांपेक्षां तें साडेपांच वर्षांनीं कमीच होतें.

लाभ खरा, पण पुरा नव्हे, असा हा निकाल आहे. त्यास जोडून अमेरिकेंतील युटा येथील 2007 चा निकालही वाचला पाहिजे. तेथें शस्त्रक्रिया झालेल्या 7925 जणांत एकंदर मृत्यु शेंकडा 40 नीं कमी आढळले. पण अपघात, आत्महत्या यांसारख्या रोगेतर कारणांनीं आलेले मृत्यु शेंकडा 58 नीं अधिक होते. देह हलका झाला म्हणजे मनावरचें ओझेंही उतरतेंच असें नाहीं.

या इतिहासांत एक विचित्र दैवयोग आहे. स्वीडनमधील बहुसंख्य रोग्यांवर जी उभ्या पिशवीची शस्त्रक्रिया झाली होती, ती निकाल लागेपर्यंत जवळजवळ प्रचारांतून गेली होती. तीस वर्षांचा निवाडा नेहमीं कालच्या शस्त्रक्रियेवर होतो. निर्णय मात्र आजच्या रोग्यास घ्यावयाचा असतो. आज सर्वाधिक होणाऱ्या जठराची नळी करण्याच्या शस्त्रक्रियेचा दहा वर्षांचा हिशेब फिनलंडमधून 2022 सालीं आला: जादा वजनापैकीं तिनें शेंकडा 43.5 गेलें, तर जठर-वळणानें 50.7. तिच्या तीस वर्षांविषयीं बोलण्याचा अधिकार अजून कोणासच नाहीं.

आपणांस हा विषय परका नाहीं. चरकाचार्यांनीं अतिस्थूलाचे जे आठ दोष सांगितले, त्यांत पहिला आयुष्याचा ऱ्हास हाच आहे, आणि अतिशय भूक हाही त्यांतलाच एक दोष मानला आहे, अपराध नव्हे. 2022 सालीं अमेरिकन व आंतरराष्ट्रीय शस्त्रवैद्यसंघांनीं आशियाई लोकांस ही शस्त्रक्रिया सुचविण्याची देहभारांकाची मर्यादा 27.5 पर्यंत खालीं आणली. स्वीडनच्या अभ्यासांत मात्र पुरुषांस 34 व स्त्रियांस 38 ही किमान अट होती. तेव्हां तेथील तीन वर्षें आपल्या पदरीं जशींच्या तशीं पडतील असें धरून चालणें म्हणजे दुसऱ्याच्या वहींतली जमा आपल्या नांवें मांडणें होय. ती वही आपण स्वतः ठेविली पाहिजे, आणि ज्याचें वजन परत आलें त्यासही तींत मानानें जागा दिली पाहिजे. शेंकडा 32 चे 25 झाले हा त्या मनुष्याच्या जिभेचा गुन्हा नव्हे. तो या उपायाचा स्वभाव आहे. हें त्यास शस्त्रक्रियेपूर्वींच सांगितलें, तर दहाव्या वर्षींही तो तोंड न लपवितां दवाखान्यांत येईल.