मांडवीची गोदामे आणि परळची प्रयोगशाळा

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस हे मूळचे गोमंतकीय वैद्य एका रुग्णास तपासावयास गेले. भयंकर ताप, ग्लानी आणि जांघेत आलेली गाठ ही लक्षणे पाहून त्यांनी रोगाचे नाव उच्चारले, आणि ते ऐकण्यास शहर मुळीच तयार नव्हते. मांडवी हे बंदराला लागून असलेले धान्याच्या व्यापाराचे केंद्र. तेथे प्लेग आहे असे म्हणणे म्हणजे मुंबईच्या व्यापारावरच घाव घालणे होय, असे अनेकांस वाटले. घाव बसलाच, फक्त तो डॉक्टरांच्या शब्दाने बसला नाही.

ही साथ मुंबईत आली ती तिच्या वैभवाच्याच वाटेने. सुएझचा कालवा, आगबोटी, घाट ओलांडून गेलेली आगगाडी आणि कापसाच्या गिरण्या ह्यांनी चाळीस वर्षांत मुंबईचे रूप पालटले होते. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेग उसळला. बहुधा तेथूनच येणाऱ्या जहाजांबरोबर तो मुंबईच्या धक्क्याला लागला. शिडाच्या गलबतावर महिनोन् महिने प्रवास करणारा रोगी उंदीर वाटेतच मरावा. आगबोटीने ते अंतर इतके आखडले की तो जिवंतच गोदामात उतरू लागला. जी आगगाडी देशावरचे धान्य मांडवीस आणीत असे, तीच परतताना ही व्याधी देशावर घेऊन गेली.

१८९७ च्या आरंभी सुमारे साडेआठ लाख वस्तीच्या ह्या शहरातून लक्षावधी माणसे पळाली. कोकणच्या बोटी भरून वाहू लागल्या. गिरण्यांतील चाती माणसांवाचून थांबली, तेव्हा गिरणीमालकांची माणसे रस्त्यांच्या नाक्यांवर उभी राहून मजुरांवर बोली लावू लागली. एरवी महिन्याचा पगार महिना उलटून गेल्यावर हाती पडावयाचा. कामगाराचे तेवढे पैसे मालकाकडे अडकलेले असत आणि तोही त्यामुळे अडकलेला असे. आता तो संध्याकाळी रोजचे पैसे रोज मागू लागला, आणि मालक निमूटपणे देऊ लागले. ही सवलत साथीबरोबर ओसरली. पण आपल्या हातांवाचून गिरणी चालत नाही, ही गोष्ट कामगाराने एकदा डोळ्यांनी पाहिली होती.

ह्या गोंधळात १८९६ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याहून डॉ. वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले. ओडेसाचे हे ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकलेले. पटकीवरील लस घेऊन ते १८९३ साली हिंदुस्थानात आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक ओसरी, एक कारकून आणि तीन शिपाई एवढा लवाजमा मिळाला. प्लेगचे जंतू त्यांनी मांसाच्या सूपात वाढविले. सूप बकऱ्याच्या मांसाचे, म्हणजे हिंदूंचीही अडचण नाही आणि मुसलमानांचीही नाही. त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांखाली जंतूंच्या वसाहती झुंबरासारख्या लोंबकळत वाढत. भांडे हलविले की त्या तुटून तळाशी बसत. मग ते द्रव तापवून जंतू मारीत, आणि उरे ती लस. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे ज्यांना लोकांना दिली जाणार होती त्यांच्या मात्रेहून ही कितीतरी मोठी होती. ताप चढला, टोचलेली जागा ठणकली, पण काम थांबले नाही. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा आपखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचली गेली, आणि न टोचलेल्यांपेक्षा त्यांचा बचाव स्पष्टपणे अधिक झाला. संपूर्ण संरक्षण ती देत नसे. धोका मात्र पुष्कळ घटवी.

शास्त्राने आपले काम केवळ तीन महिन्यांत केले. सरकारला मात्र सुईपेक्षा संगीन अधिक परिचयाची होती. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अधिकाराखाली गोरे शिपाई स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले. स्त्रियांची तपासणी झाली. घरातील चीजवस्तू बाहेर काढून जाळण्यात आली. मार्चच्या १० तारखेस, मुंढव्याच्या एका आजारी मुलास स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचविणाऱ्या सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, आणि त्यानंतरच्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

ह्या साऱ्या झडतीत रोगाचा वाहक मात्र कोणालाच सापडत नव्हता. स्थानकावर प्रवासी तपासले जात, घरे कार्बॉलिक द्रावणाने धुतली जात, छपराची कौले काढून उजेड पाडला जाई. आणि हुसकावलेला उंदीर शेजारच्या घरात बिऱ्हाड थाटी. १८९८ साली कराचीत फ्रेंच वैद्य पोल-लुई सिमाँ यांनी उंदराच्या पिसवेकडे बोट दाखविले; त्यांचे कोणी मनावर घेतले नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन आणि प्लेगचे संशोधक मंडळ यांनी साथीने ओस पडलेल्या घरांत गिनीपिग सोडून पाहिले, तेव्हा त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा झाल्या आणि ते प्लेगने मेले. ज्या संशयावरून दहा वर्षे माणसे माणसांना घराबाहेर ओढीत होती, तो अशा रीतीने फिटला.

लसही सहजासहजी अंगीकारली गेली नाही. ज्या सरकारचे शिपाई घरात शिरतात, त्याच सरकारची सुई अंगात शिरू द्यावयाची कोणत्या भरवशावर? शिवाय टोचल्यावर ताप येई, आणि रोजंदारीवर जगणाऱ्याला दोन दिवसांचा ताप म्हणजे दोन दिवसांची उपासमार. तरुण आगाखान यांनी आपल्या लोकांसमोर जाहीरपणे टोचून घेतले, तेव्हा त्यांच्या अनुयायांची भीड चेपली. हुकुमाने जे झाले नसते ते डोळ्यांदेखतच्या उदाहरणाने झाले.

हा विश्वास किती नाजूक होता हे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी कळले. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला, आणि सगळे दगावले. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना कामावरून दूर व्हावे लागले. पुढे पुरावा असा निघाला की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. ही गोष्ट चौकशीच्या कागदांत होती. पण रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जाहीर पत्र लिहीपर्यंत हाफकिन यांच्यावरील कलंक पुसला गेला नाही. निष्कलंक ठरल्यावर ते हिंदुस्थानात परतले, पण कलकत्त्यास. मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही.

दोन दशकांत ह्या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. मुंबईत १८९८ साली स्थापन झालेल्या सुधारणा विश्वस्त मंडळाने दाट वस्त्या पाडल्या, सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट ह्यांसारखे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या रानांत आखीव वसाहती उठविल्या. गरिबांची घरे पाडण्याचा वेग मात्र बांधण्याच्या वेगाहून मोठा राहिला. पाडलेल्या चाळीतला माणूस शेजारच्या चाळीत दाटीने शिरला, आणि नव्या हवेशीर वस्तीत बव्हंशी मध्यमवर्ग राहावयास आला.

परळच्या जुन्या राजभवनात १८९९ पासून लस तयार होत होती. त्या प्रयोगशाळेस १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत ते नोकरीतून निवृत्त होऊन युरोपात परतले होते. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले.