डुकरांच्या शेडखालचा इतिहास

छळछावणी म्हटलं की डोळ्यांपुढं ऑशविट्झ येतं. मी मात्र लेटीबद्दल लिहितोय. चेक देशातल्या दक्षिण बोहेमियातलं हे लहानसं गाव. मी तिथं गेलेलो नाही, वाचत वाचत पोहोचलो.

ऑगस्ट १९४२ मध्ये तिथल्या श्रमछावणीची 'जिप्सी छावणी' झाली. रोमा माणसं बायकापोरांसकट कोंडली. वर्षभरात सुमारे १३००. भुकेनं, टायफसनं, मारानं निदान ३२६ तिथंच मेली. त्यात निम्म्याहून जास्त लहान पोरं. पाचशेच्या वर ऑशविट्झला धाडली. १९४३ मध्ये छावणी बंद करून बराकी जाळल्या.

हे रोमा कोण? भाषेचे जाणकार सांगतात, त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघाले. त्यांच्या बोलीत पाणी म्हणजे 'पानी', कान म्हणजे 'कान', माणूस म्हणजे 'मनुष'. 'रोम' हा शब्दही 'डोम'वरून आला असं मानतात. डोम म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. इंग्रजांनी १८७१ मध्ये इथं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तिकडं चेकोस्लोव्हाकियानं १९२७ मध्ये कायदा करून भटक्या रोमांच्या बोटांचे ठसे घेतले. तारेचं कुंपण पडायच्या आधी कागदाचं कुंपण पडलेलं असतं.

राज्य हिटलरचं, पण लेटीचे पहारेकरी चेक पोलीस. युद्धानंतर सगळं पाप जर्मनांच्या नावावर टाकणं सोयीचं होतं. मग १९७० च्या दशकात त्याच जागेवर डुकरांचं फार्म बांधलं. तेरा हजारांच्या आसपास डुकरं. डुकराचा आपल्याला विटाळ नाही, तसलं नाक मनूच्या पोरांनी मुरडावं. पण पोरं मेली त्या जागी शेड ठोकताना कुणाचा हात अडला नाही. राजवट तर कामगारांच्या नावानं चाललेली. मिलमध्ये राबणाऱ्या मला हे जास्त लागतं.

१९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी जवळच स्मारकाचं अनावरण केलं. भाषणं झाली, हार पडले. शेजारी फार्म चालू, वास चालू. २००५ मध्ये युरोपियन संसदेनं फार्म हलवा म्हटलं, तरी चालूच. चेनेक रुझिच्का हा रोमा कार्यकर्ता. त्याची आई त्या छावणीत होती. वर्षानुवर्षं तो एकच मागत राहिला, फार्म हटवा. २०१७ मध्ये सरकारनं फार्म विकत घेतलं, २०२२ मध्ये पाडायला घेतलं, २०२४ मध्ये तिथं स्मारक खुलं झालं. ते बघायला रुझिच्का नव्हता. २०२२ च्या डिसेंबरातच तो गेला.

सरकार दगड लवकर देतं, जागा देत नाही. म्हणून आपल्याकडं जिथं वस्त्या जाळल्या, माणसं मारली, तिथं आज काय उभं आहे ते जाऊन बघा. मेलेल्याचं नाव, वय, गाव वहीत उतरवा. म्हाताऱ्यांना विचारा, ते आहेत तोवरच. पंचनाम्यावर विसंबू नका, तो लिहिणारा बहुतेकदा पहारेकऱ्यांच्याच बाजूचा असतो. लेटीची जागा सुटली ती आपल्या मेलेल्यांची नावं सोडायला तयार नसलेल्या नातलगांमुळं.